केळीचा चीक

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी सकाळी धुळ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन झाले, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. एका बाईंना ते मिळाले नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

बाई सत्तरीच्या. महिन्यापूर्वीपर्यंत रावेरला केळीच्या कापणीवर होत्या, आता धुळ्यात लेकीकडे राहत होत्या. आदल्याच रविवारी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. हे त्यांचे पहिले प्रभुभोजन. नवे लुगडे नेसून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

"येशू मना दोस्त शे, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "घड उचलतांना त्याना संगेच बोलू मी. आज त्याना ताटमा जेवसू."

उपदेशाचा विषयही तोच निघाला. येशूने शिष्यांना चाकर नव्हे, मित्र मानले; त्यांचे पाय धुतले, असे पाळकांनी सांगितले.

आमच्याकडे भाकरीचे एकच ताट बाकांवरून फिरते. ज्याचा त्याने तुकडा मोडून घ्यायचा. ताट घेऊन येणारे मंडळीचे पंच आमच्या बाकाशी थांबले. त्यांनी बाईंचे हात पाहिले. बोटे, नखे, तळव्यांच्या भेगा, सगळे काळे.

"अक्का, आधी हात धुऊन या."

त्या बाहेर नळावर गेल्या आणि ओले हात पुढे धरून परत आल्या.

"साबण आहे तिथे. नीट धुवा. प्रभूचं ताट आहे हे."

"बाप्तिस्म्यात नुसतं डोकंच भिजलं वाटतं," मागच्या बाकावरून कोणी म्हणाले. दोघे-तिघे हसले. बाई पुन्हा गेल्या.

केळीचा चीक कातडीत मुरला की साबणाने निघत नाही. मी रावेरचा, माझ्या आईचे हात असेच होते. एवढे एक वाक्य मला सांगता आले असते. मी तुकडा मोडून तोंडात टाकला. तो गिळताना मला शिसारी आली. पंचांची, हसणाऱ्यांची आणि माझ्या स्वच्छ बोटांची.

ताट पुढे गेले. त्यामागून द्राक्षरसाचा प्याला गेला.

बाई परतल्या तेव्हा शेवटचे गीत सुरू होते. घासून घासून हातांची सालटी निघाली होती. डाग होते तसेच होते.

"चीक शे भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "त्याले माहीत शे."

मी तेव्हाही पंचांना हाक मारली नाही.

प्याल्यात थोडा द्राक्षरस उरला होता. उपासनेनंतर पंचांनी तो नळाशेजारच्या कुंडीत ओतला.