लाखबंद टाकी

मी गाडीशी मराठीत बोलतो. हसा खुशाल. इथे उत्तरेत, गंगेकाठच्या दुर्गाघाटावर आमच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या, पण बायको गेल्यापासून घरात मराठी बोलायला माणूसच उरलेलं नाही. मुलगा बंगळुरूहून फोन करतो तो हिंदीत. दूधवाला, शेजारी, डॉक्टर, सगळा हिंदीचा कारभार. दिवसातून एकदा तरी आपली भाषा तोंडातून निघावी म्हणून मी मैदागिनजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये जातो. आमच्या गल्लीत सायकल आली तरी भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, तिथे जीप कुठून येणार! बॉनेट उघडायचं आणि विचारायचं, ‘काय गं बये, आज कुठं दुखतंय?’

गाडी जुनी आहे, पण चारही चाकांना जोर असणारी. जन्मभर रेल्वेत डिझेल इंजिनं दुरुस्त केली, तेव्हा निवृत्त झाल्यावर हौस म्हणून मागच्या बाजूला दुसरी टाकी बसवून घेतली. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की एक छोटा पंप मागचं डिझेल मुख्य टाकीत आणून सोडतो. बायकोला तिच्या माहेरी, वाईला, याच गाडीतून न्यायचं ठरलं होतं. मागच्या थंडीत तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

जाण्याआधी महिनाभर तिनं आपल्या आईसाठी गंगेचा गडू भरून ठेवला होता. हे काम आमच्या घरात बायकांचं. तांब्याचा गडू काठोकाठ भरायचा, तोंडावर वितळलेली लाख ओतायची आणि ती गरम असतानाच ओला अंगठा दाबायचा. बायकोच्या डाव्या अंगठ्यावर विळीची जुनी खूण होती, त्यामुळे तिनं बंद केलेला गडू लांबून ओळखू यायचा. सासूबाई नव्वदीला टेकलेल्या. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि प्रश्न एकच, “जावईबापू, गडू निघाला का?”

“नाही आई. टाकी बिघडलीय.”

“मी थांबून आहे हो. शेवटी तोंडात घालायला लेकीच्या हातचंच पाणी हवं मला.”

टाकी बिघडली होती हे खरं. रस्त्यात ठिकठिकाणी पेट्रोलपंप आहेत आणि दुसऱ्या टाकीवाचून काही अडत नाही, हेही तितकंच खरं. पण ते मी त्यांना सांगत नव्हतो. देवघरातला तो गडू एकदा घराबाहेर पडला की मागे काय राहणार, याची मला भीती वाटत होती.

तरी शेवटी होळीनंतर एका सकाळी चटई घेतली आणि गाडीखाली शिरलो. लक्षण असं होतं की बटण दाबलं की पंप गुरगुरायचा, मुख्य टाकीचा काटा जरासा हलायचा आणि पुन्हा ढिम्म. आधी फ्यूज पाहिला, ठीक. पंपाला वीज पोचत होती. फिल्टर काढून फुंकला, अगदी स्वच्छ. नळी कुठे दबलीय का म्हणून बोटांनी चाचपत गेलो, तर तीही धडधाकट. शेजारचा गॅरेजवाला डोकावला आणि म्हणाला, “टंकी उतारनी पड़ेगी, बाबूजी.” म्हटलं, तू आपला चहा पी. तीस वर्षं इंजिनांखाली घातली ती काय याच्याकडून शिकायला?

पण शहाणपण पुरेना. डिझेल भरतानाही टाकी ढेकर देऊन उलटी करत होती, पंपावरच्या पोऱ्याच्या बुटांवर डिझेल सांडलं तेव्हा मी उलट त्यालाच झापलं होतं. आता ते आठवलं. उठलो आणि दुसऱ्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्सकन हवा आत ओढली गेली. झाकण उघडं ठेवून बटण दाबलं, काटा चढायला लागला. झाकण लावलं, थोड्या वेळानं थांबला.

टाकीला श्वास घेता येत नव्हता. डिझेल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, आणि त्यासाठी टाकीच्या माथ्यावर एक बारीक पितळी नळी असते. ती तुंबली असणार, चिखलानं किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घरानं. टॉर्च घेऊन पुन्हा आडवा झालो.

नळीच्या तोंडावर लाल लाख होती. नीट ओतलेली, गोल. मधोमध अंगठा, आणि अंगठ्यावर विळीची आडवी खूण.

अरे देवा! मागच्या पावसाळ्यात माझा पाय प्लास्टरमध्ये होता. शेडमध्ये पाणी शिरतं म्हणून मीच पलंगावरून ओरडलो होतो, “त्या टाकीत पाण्याचा थेंब जाता कामा नये, नीट बंद करून ये!” आणि तिनं केली होती. तिला माहीत होत्या त्या एकाच रीतीनं. डिझेलच्या टाकीपाशी पेटती पणती घेऊन बसली असेल ही बाई! मी गाडीखालून मोठ्यानं रागावलो, मराठीत, “अक्कल आहे का गं तुला? स्फोट झाला असता तर?” मग मला रडू फुटलं, आणि आडवं पडून रडलं की पाणी कानात जातं हे मला या वयात कळलं.

पाऊण तास तसाच होतो. लाख अख्खी काढायला पाहिली. पातळ पातं कडेनं सरकवलं, फुंकर घातली, नाना खटपटी केल्या. कारागिराचा हात माझा, पण लाखेपुढे चालला नाही. तुकडे तुकडे होऊन ती माझ्या छातीवर पडली. नळीनं हवा घेतली. वर येऊन बटण दाबलं, तर काटा न थांबता चढत राहिला.

आता न जाण्याचं कारणच संपलं.

त्या संध्याकाळी रविवार नव्हता, तरी मी वाईला फोन लावला. देवघरातला गडू समोर घेऊन बसलो होतो. त्याच्या लाखेवर तिचा अंगठा शाबूत होता. मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा मोठा, पुरा झाकून टाकणारा.

“आई, गडू निघाला,” म्हटलं. “परवा सकाळी.”

मग त्या म्हणाल्या, “लाख तुम्ही फोडू नका हं. मी फोडीन.”

“नाही फोडणार,” मी म्हणालो. “मी आज एक फोडलीय.”