मोटरीच्या पोटात मावणारे दिवे

लाखनीत हायवेला लागून आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार मी भरायची, बाकी सारं आमचे हे बघायचे. लाखांदूरच्या एका राइस मिलची मोटर ऐन धानाच्या हंगामात आमच्याकडून भरून गेली आणि लगेच परत जळाली. मिलवाले काका दुकानात येऊन सरळ म्हणाले, "बाईच्या हातानं भरून देता, मंग जळन नाही त काय होईन? आता नागपूरलेच नेतो." आमचे हे खाली मान घालून पान्हे आवरायला लागले! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. "अखीन एक डाव पाहा ना काका," म्हणत मीच ती मोटर ठेवून घेतली.

तार मी नीटच भरली होती. चूक वाळवण्यात होती. तारेवर वार्निश ओतलं की ते आतपर्यंत वाळायला हवं, आणि आम्ही मोटर ठेवायचो धानाच्या कोंड्याच्या धगीवर. लोखंडाचा बाहेरून चटका बसला की वाळली म्हणायचं. आत वार्निश ओलंच, मग तार जळणारच.

म्हणून धग देणारे इन्फ्रारेडचे दिवे आणायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुकानदारानं परातीएवढा दिवा काढला. ह्यांचे डोळे चमकले. "हाच घेऊ. दमदार हाय."

"अजी, पण हा मोटरीच्या आत जाईन का? बाहेरूनच तापवाचं हाय त कोंडा काय वाईट होता?"

तार बसवताना माझा हात जिथवर जायचा, तिथवर धग पोचायला हवी होती. मी बांगड्या वर सारून मूठ वळली आणि दुकानदारापुढे धरली. "याच्याहून मोठा नको." तो हसला, पण आखूड नळीचे छोटे दिवे त्यानं काढून दिले. हे परतीच्या एसटीत भंडाऱ्यापर्यंत फुगून बसले होते.

मोटर मी पुन्हा भरली. दिवे मधल्या पोकळीत टांगले, तारेला टेकू दिले नाहीत. घाई केली नाही. आतल्या तारेला बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही, तेव्हाच बंद केले.

मोटर बसवायला मी हट्टानं मिलमध्ये गेले. दुपार झाली तरी ती चालतच होती, तांदूळ पडत होता. काकांनी तिच्यावर हात ठेवून पाहिला. मग कोपऱ्यातली दुसरी जळकी मोटर दाखवत ह्यांना म्हणाले, "हे कधी भरून देता?"

"मले काहून विचारता?" हे म्हणाले. "भरनारी इथं उभी हाय, तिले विचारा."

काका माझ्याकडे वळले. मी चांगलं सुनावायचं ठरवून गेले होते, पण वाकून त्या जळक्या मोटरीत हात घातला. "सोमवारी घेऊन जा," एवढंच म्हणाले.