काकांचा न झालेला सिनेमा

न झालेल्या गोष्टीचा इतका अभिमान बाळगणारा माणूस मालवणच्या किनाऱ्यावर माझ्या मावशीच्या यजमानांसारखा दुसरा झाला नाही. काकांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्यालासुद्धा ते "नजर जरा लांब ठेवा" असं बजावत. त्यामुळे निम्म्या तालुक्याची माणसं ओळखपत्रावर कुणाच्या तरी होडीची वाट बघत असल्यासारखी दिसतात. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीपेक्षा लाटाच जास्त. एका वधूपित्याने तक्रार केली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "लग्नं रोज होतात हो. तसली लाट परत यायची नाही."

अशा माणसाने १९९९ साली सुपरहिरोचा सिनेमा काढायला घेतला, यात आम्हाला काही नवल वाटलं नाही. त्यांचा नायक आकाशातून उडत येणार आणि मासे ओरबाडायला किनाऱ्यालगत घुसलेले ट्रॉलर उचलून खोल समुद्रात नेऊन ठेवणार. नायक होता तारकर्लीचा बाबल, काकांचा शाळेपासूनचा दोस्त, रापणीची लांबलचक जाळी किनाऱ्यावर ओढून ओढून खांदे दाराएवढे झालेला मच्छीमार. खलनायक निवृत्त पोस्टमास्तर. मावशीने परकराच्या हिरव्या कापडाचा पोशाख शिवला आणि पाठीवरचा झगा कुणाच्या तरी जुन्या शिडातून बेतला. त्या शिडाला सुक्या बांगड्याचा असा काही वास होता, की बाबल पोशाख चढवून बाहेर पडला की वाडीतली सगळी मांजरं त्याच्या मागून चालू लागत.

पहिल्याच दिवशी काकांनी उडण्याचं दृश्य घेतलं. दोन माडांमध्ये दोरी ताणली, कप्पीला पट्टा लावून बाबलला लटकवलं आणि ढकललं. बाबल थोडा उडाला आणि मध्यावर कप्पी अडकली. काका कॅमेऱ्याला डोळा लावून "हात पसर! हास!" म्हणून ओरडत होते. अर्धा गाव गोळा झाला. बाबलची आई खालून हाका मारायला लागली, "मेल्या, खाली ये रे, पेज निवली!" बाबलला हसू आवरेना. आणि तेवढ्यात दोरी तुटली.

खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण रापण ओढायला तो खांदा पुन्हा उपयोगी पडला नाही. बाबल पर्यटकांना होडीतून फिरवायला लागला आणि काकांशी बोलायचा बंद झाला. सिनेमा तिथेच थांबला. कुणी विचारलं, तर काका सांगत, "तांत्रिक अडचण."

नऊ वर्षांनी काकांच्या हाती नवा डिजिटल कॅमेरा आला आणि त्यांनी त्या न झालेल्या सिनेमावर माहितीपट काढायचं जाहीर केलं. "झालेल्या सिनेमावर कोणीही काढील," ते म्हणाले. मी बँकेतून रजा काढून मालवणला गेलो होतो, तर माझ्या हातात माईक दिला. प्रत्येकाने प्रमाण मराठीतच बोलायचं, ही त्यांची अट. पोस्टमास्तरांनी दीड तास मुलाखत दिली. सिनेमा बंद पडला तो खलनायकाला पुरेसे संवाद नसल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. शिवाय त्यांनी न लिहिलेले ते संवाद तिथेच म्हणून दाखवले.

मग मावशीची पाळी आली. ती मासे साफ करत होती, तशीच कॅमेऱ्यासमोर बसली आणि अट विसरून सरळ म्हणाली, "ह्यांका मी सांगितलंय, दोरी जुनी आसा म्हणान. तर म्हणतत कसे, हिरोक कसली भीती?"

मी काकांकडे बघितलं. कॅमेरा चालूच होता. त्यांनी तो बंद केला नाही. मावशीने एक बांगडा कापून बाजूला ठेवला, दुसरा घेतला. शेवटी काका हळूच म्हणाले, "कट."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट तारकर्ली गाठली. बाबल किनाऱ्यावर होडीला रंग देत होता. आम्हाला बघून त्याने पाठ फिरवली. "मुलाखत बिलाखत माका नको."

"तुझी नको," काका म्हणाले. त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला आणि स्वतः कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभे राहिले. आयुष्यभर लोकांना नजर लांब ठेवायला सांगणारा हा माणूस खाली वाळूकडे बघत होता. "प्रस्तुत चित्रपटाच्या संदर्भात," त्यांनी सुरुवात केली, थांबले, घसा खाकरला. "दोरी जुनी होती, बाबल. माका म्हायत होता. नवी आणूक गेलंय असतंय तर उजेड गेलो असतो. म्हणान तुका तसोच चढवलंय."

बाबलचा ब्रश थांबला. मग त्याने न वळताच विचारलं, "आणि मी? उडताना मी कसो दिसलंय?"

नऊ वर्षांत त्याला कुणी ते दाखवलंच नव्हतं. काकांनी जुनी टेप नव्या कॅमेऱ्यात उतरवून आणली होती. त्या एवढ्याशा पडद्यावर बाबल उडाला: हात पसरलेले, झगा फुगलेला, मागे सगळा समुद्र, दोरी कुठेच दिसत नव्हती. मोजून अकरा सेकंद. बाबलने ते चारदा बघितलं. पाचव्यांदा बघताना त्याने रंगाचे हात लुंगीला पुसले, होडीतली फळी काढून सावलीत टाकली आणि काकांना म्हणाला, "बस मरे. उभो कित्याक?"

ते दोघे त्या फळीवर बसले. मी कॅमेरा रोखून उभाच होतो. काकांनी माझ्याकडे बघून हाताने नको म्हटलं. मी तो बंद केला आणि जरा लांब जाऊन बसलो. ते काय बोलले, मला कळलं नाही. वारा समुद्राकडे वाहत होता.