हे बरं, की आधीचं?

चष्मेवाल्यांच्या दुकानात बोलायचं काम लॅपटॉपकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनात त्यांची स्वरपेटी काढावी लागली. महिनाभर त्यांनी पाटीवर लिहून निभावलं, मग लेकीनं हा लॅपटॉप आणून दिला. आपण टाइप करायचं, तो मोठ्यानं बोलायचा. आवाज सपाट, रिकामा डबा घासावा तसा. प्रश्न असो, राग असो, चढउतार म्हणून नाही. पण गिऱ्हाइकांना सवय झाली. समोरच्याच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवायची, तीत एकेक भिंग सरकवायचं आणि एक कळ दाबायची. लॅपटॉप विचारायचा, "हे बरं, की आधीचं?" त्या कळेवरचं अक्षर केव्हाच पुसून गेलं होतं.

यंत्राला हसता येत नसे. म्हणून विनोद केला की चष्मेवाले बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक करत. टकटक झाली की हसायचं, हे शेजारच्या शिंप्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बायको म्हणायची, "तोंड बंद झालं, पण बडबड काही बंद झाली नाही."

गेल्या सोमवारी एक शाळामास्तर खुर्चीत बसले होते, एक डोळा झाकून. "हे बरं, की" एवढं बोलून लॅपटॉप गप्प झाला. पडदा काळा. मास्तर तसेच बसून राहिले. "की काय? पुढं बोला ना!" झाकण एका ठरावीक कोनात हातानं धरलं तरच तो पुन्हा बोलू लागला. त्या दिवशी उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी बायको झाकण धरून उभी राहिली.

रात्रीच्या जेवणाआधी लेकीचा फोन आला. "बाबा, आत्ता घाई करू नका. बारा दिवसांत नवी सिस्टीम येतेय. तिच्यातले आवाज अगदी माणसासारखे आहेत. ऐकाल तर चाट पडाल."

"आणि हा जुना आवाज?" एका हातानं झाकण धरून चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तो नव्यावर चालणार नाही. आणि नवी आली की दुकानात जुनी सिस्टीम मिळणार नाही. पण हवाय कोणाला तो डबा?"

चष्मेवाल्यांना हे पटलं. खरं सांगायचं तर, ते मनातून हरखले. अकरा वर्षं बायको डब्याशी संसार करत होती. एकदा तरी तिला माणसाच्या आवाजात हाक मारावी, ही इच्छा त्यांनी कधी टाइप केली नव्हती.  बायको मात्र भाजी चिरत राहिली. गरजेपेक्षा जास्त चिरली.

दोन दिवसांनी ते दोघं जुना लॅपटॉप घेऊन लॅपटॉपच्या दुकानात गेले. विक्रीला बसलेली मुलगी चुणचुणीत होती. एका यंत्रावर नवी सिस्टीम आधीच दाखवायला ठेवली होती. "या काका, तुम्हीच करून बघा."

चष्मेवाल्यांनी टाइप केलं. एक भारदस्त, मऊ आवाज म्हणाला, "अगं, ऐकतेस ना?"

शेवटचा 'ना' वर चढला होता. प्रश्न प्रश्नासारखा वाटत होता. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोकडं पाहिलं, तर ती टेबलाची कड घट्ट धरून उभी.

आता त्यांचा हात आपोआप धंद्याच्या वळणावर गेला. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, तिचे दोन्ही तळवे तिच्या डोळ्यांवर ठेवले. मुलीला खूण करून जुन्या लॅपटॉपचं झाकण धरायला लावलं. आधी नव्यावर, मग जुन्यावर, तेच वाक्य. मग जुन्याची ती पुसलेली कळ.

"हे बरं, की आधीचं?"

 बायकोनं डोळ्यांवरचे हात काढले नाहीत.

"तो नवा माणूस फार छान बोलतो हो," ती म्हणाली. "म्हणूनच नको. तुमचा आवाज मला आता पुसट आठवतो. आंघोळीला जाताना ओरडायचात, 'टॉवेल!' तेवढा एक शब्द नीट ऐकू येतो. हा डबा माणसासारखा बोलत नाही, म्हणून तो शब्द अजून जागेवर आहे. हा गोड बोलणारा घरात आला, की चार दिवसांत मला वाटायला लागेल, तुम्ही असेच बोलत होतात."

मुलगी झाकण धरून खाली बघत राहिली.

चष्मेवाल्यांनी बायकोचे हात डोळ्यांवरून खाली घेतले. उजेडानं ती डोळे मिचकावू लागली. मग ते जुन्या यंत्राकडं वळले.

"जुन्या सिस्टीमचा द्या. आजच."

"काका, विचार करा," मुलगी म्हणाली. "दहा दिवसांत हा जुना होईल."

"मी आधीच झालोय." टकटक.

बायको रडता रडता हसली. "अहो, बाहेर तरी गप्प बसा!"

आवाजाचा प्रोग्राम लेकीनं पेन ड्राइव्हवर घालून दिलेला होता. भिंगांच्या पेटीतल्या मखमली खणात अकरा वर्षं जपलेला तो बायकोनं येताना पर्समध्ये टाकला होता. दुकानातल्या मुलीनं तो नव्या लॅपटॉपवर चढवला. कळांवरची सगळी अक्षरं पांढरी, ठळक. चष्मेवाले बोटं सरसावून पुढं झाले, तेवढ्यात बायकोनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं. "थांबा. मला एकदा करू द्या."

एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, तिनं टाइप केलं. कळ दाबली. तोच खरखरीत डबा, नव्या स्पीकरमधून जरा खणखणीत, म्हणाला, "अहो, चला आता घरी. मला भूक लागली."

आपल्याच आवाजानं आपल्याला 'अहो' म्हणावं, अशी चष्मेवाल्यांची ही पहिलीच वेळ. त्यांचे खांदे गदागदा हलू लागले. टकटक करायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.