उन्हाची छत्री

नव्या छत्रीच्या कापडाचा वास आला की मला नवी नवरी असतानाचं आमचं वरवंडचं दुकान आठवतं. मी कोकणातली. माहेरी वैशाखातच दुकानं छत्र्यांनी भरायची, म्हणून पहिल्याच वर्षी मी हट्टानं छत्र्यांचं मोठं खोकं मागवायला लावलं. इकडे देशावर पाऊस नुसता शिंतडून गेला, आणि तेवढ्याला लोकांना गोणपाटाची खोळ पुरली. खोकं माळ्यावर गेलं. सासूबाई येता-जाता माळ्याकडे बघायच्या, ते मला लागायचं. पुढच्या चैत्रात, बाजारच्या दिवशी, हायवेचं डांबर पायाला चिकटत असताना भाजी विकणारी एक आजी दुकानात आली. “सूनबाई, उन्हाची छत्री हाय का?” मी म्हणाले, “नाही हो, आमच्याकडे पावसाच्या आहेत.” तेवढ्यात मामंजी भरल्या ताटावरून उठून खरकट्या हातानंच धावत आले. “हाय हाय! उन्हाचीच हाय!” आजी छत्री उघडून बाजारात जाऊन बसली, आणि तिची सावली बघून बाकीच्या बायाही दुकानात आल्या. संध्याकाळी सासूबाईंनी ते रिकामं खोकं फाडून चुलीत घातलं आणि त्यावर माझ्यासाठी चहा ठेवला. तसा गोड चहा मी पुन्हा प्यायले नाही. आता दुकान मीच बघते. छत्र्या अजूनही मागवते, पण होळीच्या आधी.