सुमन मॅडमची सही

सुमन मॅडम वाचल्याशिवाय कशावरच सही करत नसत. दूध सोसायटीचा सेक्रेटरी सभेचं रजिस्टर घेऊन आला की त्याला ओट्यावर बसवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, आणि तो बिचारा जांभया देत बसायचा. आम्ही पोरी मागं खुसखुसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. पर सही केली की मानूस तिथंच राहून जातंय, बायांनो."

उमापूरला त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवत. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे त्यांच्या एम.एस्सी.चं गावाला भारी कौतुक. घरी त्या आणि धाकटी बहीण शांतामावशी, दोघीच. मावशी पस्तिशीतच कमरेत वाकलेली. ऐन थंडीत पदरानं वारा घेत उंबऱ्यावर बसलेली असायची.

मॅडम फळ्यावर मोठं गोल काढत, आत लहान गोल. "ही पेशी, हे केंद्रक. काही संप्रेरकं दारातूनच निरोप देऊन जातात. इस्ट्रोजेन थेट माजघरात शिरतं. तिथं त्याचा निरोप घेणारा, म्हणजे ग्राही, बसलेला असतो. निरोप मिळाला की तो पेशीला कामाला लावतो, हाडं सांभाळा म्हणतो. अंडाशयंच काढून टाकली तर? ग्राही तिथंच बसून राहतो. आता निरोप येणार नाही, हे त्याला सांगणार कोण?" एवढं बोलून त्या फळा पुसायच्या आणि तास संपायच्या आधीच निघून जायच्या.

मी बारावीत असताना दुष्काळ पडला. माझी आईही ऊसतोडीला जायची, आणि तिला पाळीचा फार त्रास होता. मुकादम म्हणाला, गर्भाची पिशवी काढून घ्या, फडात खाडा व्हायला नको. शिकलेली म्हणून फॉर्मवर सही मी करायची होती. मी घाबरून मॅडमना सोबत नेलं. त्यांनी दवाखान्यात तो फॉर्म मोठ्यानं वाचला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढणार होते. आई चौतीस वर्षांची होती.

"आधी तपासणी करू, गोळ्या घेऊन बघू," मॅडम म्हणाल्या.

आई भडकली. "फडात पाळी आली तर बसू कुठं? प्यायाला पानी न्हाई तिथं. ते सांगा की!"

मॅडमनी फॉर्म माझ्या हातात ठेवला. पण मी सही केली नाही. आई गोळ्या घेऊन उसाला गेली, मॅडमवर राग धरून. तो राग खोटा नव्हता.

परतताना एसटीत मॅडम एकदम म्हणाल्या, "शांताला असल्याच ऑपरेशनला मीच नेलं होतं. सव्वीस वर्षांची होती. मला तासाला पोचायचं होतं म्हणून घाईत सही केली. तास कशाचा होता म्हाईत हाय? ह्याच ग्राहीचा." मग खिडकीकडं तोंड करून, "शांता सगळ्यांना सांगती, अक्काला काय म्हाईत व्हतं. अंडाशयं काढली की काय होतं ते मला माहीत होतं गं. फॉर्म मी वाचला नव्हता."

मागल्या वर्षी मॅडम गेल्या. मी भेटायला गेले तर शांतामावशी त्याच उंबऱ्यावर बसलेली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "लई जीव व्हता तिचा माझ्यावर. माझ्यापाई झुरली. तिला काय म्हाईत व्हतं, बापडीला?"

मला खरं बोलता येईना, आणि तिनं धरलेला हात सोडवून उठताही येईना.