लुआनताईने वाचलेले शेवट

एकही पुस्तक न वाचता पुस्तकांतलं सगळं मला कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. साखर कारखान्याच्या जुन्या गेटाशेजारी माझं आइसकांडीचं दुकान आहे. दुकानामागे दोन लांब टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. शनिवारी दुपारी तिथे गावातले वाचणारे लोक जमतात आणि हल्ली काय वाचलं ते एकमेकांना सांगतात. नियम एकच. बोलणाऱ्याने हातात आइसकांडी धरायची आणि ती वितळून मनगटावर ओघळली की गप्प बसायचं. हा नियम वांग मास्तरांमुळे करावा लागला. मास्तर एकदा एका राजघराण्यावर बोलायला लागले, आणि ते घराणं बुडालं तरी थांबेनात.

मी गल्ल्यावर बसून ऐकायची. गिऱ्हाईक आलं तर एका कानाने त्याचं, एका कानाने पुस्तकाचं. त्यातही आबोक काका बोलायला लागले की मी गिऱ्हाइकाला सरळ सांगायची, थांबा जरा, बर्फ कुठे पळून जात नाही.

आबोक काका कारखान्यात पॅनवर होते. उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा बसला की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. पाळी संपली की त्याच दिव्याखाली पुस्तक. सगळा जन्म डोळ्यांवर काढलेला माणूस, आणि म्हातारपणी काचबिंदूने नेमके डोळेच नेले. बायको आधीच गेली होती. मुलगा आयोंग त्याच्याही आधी गेला, कारखान्याच्या गेटवर, उसाच्या ट्रॉलीखाली सापडून.

त्या वेळी त्याच्याजवळ लुआनताई होती. ती कारखान्याच्या ऑफिसात कामाला. लाउडस्पीकरवरून सगळ्या कॉलनीला सूचना द्यायची ती हीच. उद्या पाणी बंद, पगार परवा, वादळ येतंय. तिचा आवाज असा की तो ऐकला की आम्ही आधी दोरीवरचे कपडे काढायचो आणि मग आभाळाकडे बघायचो. कारखान्याचा भोंगा चुकायचा, पण लुआनताई चुकल्याचं कोणाला आठवत नाही. आयोंगला ट्रॉलीने चिरडलं तेव्हा ती ऑफिसातून धावत गेली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. काका पॅनवरून पळत येईपर्यंत तो गेला होता.

“दुखत नव्हतं त्याला,” लुआनताईने काकांना सांगितलं. “शेवटी तुमचीच आठवण काढली. म्हणाला, बाबांना सांगा, जेवायला थांबू नका.”

काकांनी हे मला किती वेळा सांगितलं असेल. जाता जाता पोराने माझ्या जेवणाची काळजी केली बघ, आमान, म्हणायचे. आणि त्या दिवसापासून काका जेवायला कोणासाठी थांबले नाहीत. सहा वाजले की ताट. पाहुणे येणार असले तरी, लग्नाच्या पंगतीत नवरदेव यायचा असला तरी. नवी माणसं म्हणायची, म्हातारा भलताच हावरट आहे. आम्हाला माहीत होतं ते का.

डोळे गेल्यावर काकांनी पुस्तकं वाटून टाकायला काढली. तेव्हा लुआनताई म्हणाली, “कशाला वाटता? मी आहे ना, आबोकदा. मी वाचून दाखवते.” तीही निवृत्त झाली होती, एकटीच होती. रोज सकाळी ती काकांच्या व्हरांड्यात बसून वाचायची आणि शनिवारी तिला शेजारी बसवून काका ते पुस्तक आम्हाला सांगायचे. सांगायचे कसलं, उभं करायचे. कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं, पेल्यात चहा किती उरला होता, सगळं. त्यांची कांडी वितळून कोपरापर्यंत जायची, तरी कोणी टोकायचं नाही. सगळे माना डोलवायचे. मला वाटायचं, हा मान आहे. आंधळ्या माणसाला मान डोलवलेली दिसत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

काकांच्या पुस्तकांचे शेवट नेहमी गोड असायचे. सोडून गेलेली बायको परत यायची, भावाभावांचा तंटा मिटायचा. गुप्तहेराच्या एका पुस्तकात तर खून झालेला माणूस शेवटच्या पानावर दवाखान्यात शुद्धीवर आला. तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, हल्लीचे डॉक्टर हुशार असतात.

डिसेंबरात गाळप सुरू झालं आणि गावभर मळीचा वास सुटला, की जो शनिवार येतो त्या दिवशी प्रत्येकाने वर्षभरातलं आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक सांगायचं असतं. गेल्या डिसेंबरात त्या दिवशी एक नवी बाई आली होती. यू-छेन तिचं नाव, तैचुंग शहरातून बदलून आलेली औषधवाली. वाचनाची आवड आहे म्हणाली. मी तिला भुईमुगाची कांडी दिली.

काकांनी मिठागरवाल्या बापाची कादंबरी सांगितली. मुलगा मासेमारीच्या बोटीवर जातो, बोटीचा पत्ता लागत नाही, बाप मीठ ओढत किनाऱ्याकडे बघत राहतो. आणि एका पहाटे मुलगा बांधावरून चालत येतो. बाप काही बोलत नाही, आपल्या हातातलं फावडं त्याच्या हातात देतो आणि दुसरं उचलतो. “बस, एवढंच,” काका म्हणाले. “एक शब्द नाही. मी गेलो की माझ्यासोबत हे पुस्तक ठेवा.” माझे डोळे भरले होते. मी फडक्याने गल्ला पुसत होते, उगाचच.

यू-छेन म्हणाली, “काका, माफ करा हं, पण मुलगा परत येतो कुठे? तो बुडालेलाच असतो. शेवटी बाप दोन फावडी घेऊन एकटाच मीठ ओढतो. मी गेल्याच महिन्यात वाचलंय.”

पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

“तुमची प्रत वेगळी असेल, बाई,” काका हसून म्हणाले.

तेवढ्यात वांग मास्तर तिच्याकडे झुकून म्हणाले, “अहो, तुम्हाला शुक्रवारचा फोन आला नाही का?” मास्तरांना वाटलं आपण कुजबुजलो. जन्मभर वर्गात ओरडलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही.

“शुक्रवारचा फोन म्हणजे?” काकांनी विचारलं.

काकांनी मान वळवली, नेमकी मास्तरांकडे. “मास्तर, हे पुस्तक तुम्ही वाचलंय. मागच्या शनिवारी तुम्हीच म्हणालात, शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं.”

“आलं होतं की.”

“कशामुळे?”

मास्तरांनी लुआनताईकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. काकांच्या लाल चवळीच्या आइसकांडीचा गोड लगदा टपटप टेबलावर पडत होता.

“आबोकदा, मी सांगते,” लुआनताई म्हणाली. आवाज तसाच, सरळ, घरोघर ऐकू जाणारा. “अगदी पहिल्यांदा जे पुस्तक घेतलं ना, त्यात एका बापाचा तरणा मुलगा जातो. त्या पानापर्यंत आले आणि तुमच्याकडे बघितलं. मला पुढचं वाचवेना. मी त्याला जगवलं. मग तुम्ही शनिवारी तेच सांगितलंत. यांनी सगळ्यांनी ते वाचलेलं. तुमची फजिती नको म्हणून मी यांना खुणेने गप्प केलं. मग पुढचं पुस्तक आलं.”

“आणि फोन?”

“दर शुक्रवारी मी सांगायची, या वेळी शेवट असा केलाय म्हणून. कोणाच्या तोंडून चुकून निघू नये.”

“म्हणजे सगळ्यांची तालीम व्हायची,” काका म्हणाले. “मी नाटकात होतो आणि मलाच माहीत नव्हतं.”

“तसं नाही हो, तुम्हाला त्रास...”

“माझा खरा मुलगा गेला, लुआन. त्याला मी या हातांनी आंघोळ घातली. ते मी पचवलं. आणि कागदावरचा मेला असता तर मला पचलं नसतं, असं वाटलं तुला?” ते मोठ्याने बोलले नाहीत. “मी इथे माणसांत बसून पुस्तकं बोलतोय असं समजत होतो. तुम्ही लहान पोराला खेळवत होता.”

त्यांनी कांडीची काडी टेबलावर ठेवली, काठी शोधली आणि उठले. मास्तर हात धरायला गेले, तर म्हणाले, “रस्ता तरी आहे तिथेच आहे ना? का तोही हलवलात?”

ते गेल्यावर मी सगळ्यांना धुवून काढलं. मास्तर म्हणाले, “आमचा हेतू वाईट नव्हता गं, आमान.” मी म्हटलं, “हेतू घाला चुलीत. मग मला का नाही केलात फोन? मीही बसून रडतच होते ना इथे?” तर ते म्हणाले, “तू कुठे पुस्तकं वाचतेस?”

म्हणजे मला फसवायला फोनसुद्धा लागत नव्हता. इतकी वर्षं मी ज्या गोष्टी उराशी धरून बसले होते त्यातली पुस्तकातली किती आणि लुआनताईची किती, देव जाणे. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. यू-छेन बिचारी माफी मागत होती, तिला म्हटलं, “तू कशाला मागतेस? सगळ्यांत तू एकटीच खरं बोललीस.”

काका शनिवारी यायचे बंद झाले. त्यांनी वाचनालयातून बोलणारं यंत्र मागवून घेतलं. मी कांड्या घेऊन गेले की ते चालू असायचं. यंत्राचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे. हसण्याच्या ठिकाणी हसत नाही, रडण्याच्या ठिकाणी थांबत नाही. मध्येच पान क्रमांक वाचतं, पुस्तकाची किंमत वाचतं.

“कसं ऐकवतं हो तुम्हाला हे?” मी विचारलं.

“त्याला माझी कीव येत नाही,” काका म्हणाले. “जुनी सगळी पुस्तकं पुन्हा ऐकतोय. तो गुप्तहेरवाला माणूस मेलाय, आमान. पहिल्याच पानावर मेलाय.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

लुआनताई रोज सकाळी यायची आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून परत जायची. काका तिला ये म्हणत नसत, जा म्हणत नसत. नववर्ष तोंडावर आलं तेव्हा एका संध्याकाळी मी काकांना डबा द्यायला गेले, कोबी घातलेलं डुकराचं मांस, त्यांच्या आवडीचं. लुआनताई पायरीवर होती आणि तिच्या मांडीवर ते मिठागराचं पुस्तक होतं.

“आबोकदा,” ती म्हणाली, “शेवटचं पान वाचते. आहे तसं. मग तुम्ही म्हणाल तर पुन्हा येणार नाही.”

“वाच,” काका म्हणाले.

तिने वाचलं. बाप दोन फावडी घेऊन बांधावर जातो, एकाने मीठ ओढतो आणि दुसरं बाजूला रोवून ठेवतो. दिवस मावळताना दोन्ही धुतो. लुआनताईचा आवाज कुठे हलला नाही. उद्या पाणी बंद, तसं वाचलं तिने. मला ते खोट्या शेवटापेक्षा कितीतरी मोठं वाटलं, आणि हे काकांपासून चोरून ठेवल्याचा राग पुन्हा नव्याने आला.

काकांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “लुआन, एक विचारतो. गेटवर त्या दिवशी आयोंग खरंच तसं म्हणाला?”

लुआनताईच्या हातातलं पुस्तक मिटलं. या प्रश्नाची तिने कधी कल्पनाही केली नसावी. “म्हणाला, आबोकदा. तेच शब्द. त्यात माझा एक शब्द नाही. तुमच्या पायाची शपथ.”

मी तिच्याकडे बघत होते. ती खरं बोलत होती, मला तसंच वाटलं. पण मला तिचा चेहरा दिसत होता. काकांकडे होता तो फक्त आवाज.

“असेल,” काका म्हणाले. “मिठागरवाल्याचा मुलगाही याच आवाजात परत आला होता.”

“आबोकदा, ते पुस्तक होतं. हे...”

“इतकी वर्षं मी जेवायला थांबलो नाही, लुआन. तू सांगितलंस म्हणून.”

ती आणखी काही बोलणार होती. मग पुस्तक पायरीवर ठेवून ती उठली आणि भिंतीला धरून धरून निघून गेली.

मी डबा उघडून काकांसमोर ठेवला, हातात जेवायच्या काड्या दिल्या. कारखान्याचा सहाचा भोंगा झाला. काका काड्या हातात धरून तसेच बसले.

“काका, सहा वाजले. जेवण गार होतंय,” मी म्हटलं. “कोणाची वाट बघताय?”

“कोणाची नाही,” ते म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून बसून राहिले.